फाट्यावरचे पांढरे दगड

चिंधूमामा गायकवाड नव्या रस्त्यावर आले की पहिल्यांदा पायातल्या चपला काढायचे. देवळाबाहेर नीट जोडीनं ठेवतात तशा नव्हे; एक इकडे, एक तिकडे भिरकावून द्यायचे. मग अनवाणी दहा-बारा पावलं चालायचे, मध्येच थांबून टाच दाबायचे आणि ओठांचा चंबू करून म्हणायचे, "पोटात पोकळ हाय." आमचे इंजिनियर साहेब हसायचे. पावसाळा सरला की रस्ता नेमका तिथेच खचलेला असायचा. तेव्हा साहेब हसत नसत आणि मामाही आठवण करून देत नसत.

मामा आमच्या खात्याच्या रोडरोलरवर ड्रायव्हर होते आणि मी शहापूरच्या ऑफिसात ट्रेसर. ट्रेसर म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईनं गिरवणारा माणूस. माझी अख्खी नोकरी दुसऱ्याच्या रेघांवर रेघा ओढण्यात गेली. चूक झालीच तर अर्धं ब्लेड घेऊन शाई हलक्या हातानं खरवडायची, असा आमचा धंदा. हे ब्लेड लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम आहे.

ऑफिसात शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे त्यांना "ए चिंधू" म्हणत. मी एकटाच "अहो मामा" म्हणायचो. याचा मला केवढा अभिमान होता! माणुसकीच्या परीक्षेत आपण पहिल्या वर्गात पास झालो आहोत अशा थाटात मी त्यांना चहा पाजत असे.

मामांचा रोलर दहा टनी, तीन लोखंडी चाकांचा. त्याला ते "म्हातारी" म्हणत. म्हातारी माणसाच्या चालीनंच चालायची, चढ लागला तर त्याहून हळू. शहापूरहून टोकावड्याला रोलर न्यायचा म्हणजे तीन दिवसांचा प्रवास. ऑफिसात थट्टा चालायची की चिंधू मुरबाडला पोचेपर्यंत इकडे साहेबाची बदली होते. मामा त्यावर चिडत नसत. म्हणायचे, "एसटीतल्या मानसाला पुढच्याचं डोकं दिसतं. मोटारीतल्याला काच दिसते. मला रस्ता दिसतो." ते खरंच होतं. किन्हवलीपासून सरळगावापर्यंत कुणाच्या अंगणात कुठला आंबा आहे, कुठल्या विहिरीचं पाणी चैतात आटतं, कुणाची सून माहेरी रुसून बसली आहे, सगळं त्यांना पाठ. बरोबरच्या मजुरांना वाटेत जेवायची चिंता नसे. मामा दिसले की कुणीतरी हाक मारायचंच, "चिंधू, भाकर खाऊन जा रे."

त्यांच्या बैठकीमागे दोन निशाणं खोचलेली असत, एक लाल, एक हिरवं. दर शनिवारी ते ती स्वतः धुवायचे. मजूर चिखलानं माखलेली निशाणं वापरतात, पण मामांचं लाल निशाण कुंकवासारखं लाल. एकदा खर्डीच्या बाजूला डांबर ओतलं होतं आणि समोरून कुणा बड्या पुढाऱ्याच्या चार गाड्या आल्या. मामांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून लाल निशाण धरलं. पुढाऱ्याचा माणूस उतरला, शिव्या देऊन झाल्या, बदलीची धमकी देऊन झाली. मामा म्हणाले, "सायेब, निशान माझं नाय, रस्त्याचं हाय. रस्ता हो म्हनंल तवा सोडीन." डांबर बसेपर्यंत त्यांनी चारही गाड्या उभ्या ठेवल्या. मग लाल खाली घेतलं, हिरवं वर केलं आणि गाडी पुढून जाताना ताठ उभं राहून सलाम ठोकला. लाल दाखवलं की थांबलंच पाहिजे, हे त्यांचं एकमेव शास्त्र. दुसरं एक होतं ते घाटाचं: "चढनाऱ्याला आधी वाट द्यायची. त्याचा दम मोडला तर पुन्ना मिळत नाय."

आणखी एक रीत सांगायला हवी. मोठे साहेब दौऱ्यावर यायचे असले की आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही कडांना दगड मांडून त्यांना चुना फासत. खड्डे राहिले तर राहोत, दगड पांढरे पाहिजेत. मामा चुन्याची बादली हातात घेऊन हसायचे, "नवरदेवाला मुंडावळ्या बांधल्या, आंघोळ नाय घातली." पण दगड मात्र असे एका रेषेत मांडायचे की मला माझी पट्टी लाजून खिशात घालावीशी वाटे.

नव्वदीचं दशक सरता सरता माझ्या मेव्हण्यानं, श्रीकांतनं, ठाण्यात नवी गाडी घेतली. सात माणसांची, ऐसपैस. त्याला डोंगरातल्या अवघड रस्त्यांवरून गाडी चालवायची हौस आली. फोनवर म्हणाला, "तुम्ही रस्त्यांच्या खात्यात आहात, तुम्हीच दोन दिवसांचा बेत आखा." जावयाच्या ज्ञानाला सासरहून मागणी येणं ही दुर्मीळ गोष्ट. मी लगेच हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी चिंधूमामांना गाठलं, कारण मला त्या रस्त्यांच्या रेघा ठाऊक होत्या, रस्ते ठाऊक नव्हते.

मामांनी हे काम एखाद्या लग्नाच्या याद्यांसारखं अंगावर घेतलं. पंधरा दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. "पाऊस उघडल्यावर जायचं, पन घाट सुकायच्या आत. तेरडा ऱ्हायला पायजे." "आसनगाव नवाला सोडा." "टोकावडं गेलं का उजव्या हाताला बसनारा नशीबवान, नानेघाटाचा कडा त्याच्या बाजूला येतो. जाताना बायकांना उजवीकडं बसवा, तुमचं काय, तुमी नकाशात बघता." "सासूबायना घाटात दरीच्या अंगाला नका बसवू, भ्यायच्या." "चारच्या आत माळशेज चढा. चारनंतर धुकं उतरतं, मग समोरचा दिवा दिसतो, गाडी नाय दिसत." "येताना मुरबाडवरनं म्हसा गावाकडं वळा. सिद्धगड असा समोर येतो का वाटतं, आता हा आपल्या रस्त्यात बसनार."

मी हे सगळं ट्रेसिंगच्या कागदावर नकाशा काढून त्यात उतरवत होतो. कुठे हॉर्न दोनदा द्यायचा, कुठे पहिला गिअर, कुठल्या मोरीजवळ कठडा तुटला आहे. मामा एकेका वळणाशी डोळे मिटून घेत आणि पाय जमिनीवर दाबून बघत.

"मामा, तुम्ही हा घाट कितीदा चढलात?" मी विचारलं.

"म्हातारी घेऊन लई येळा. एसटीत पन. पन असं पुढं बसून, काचेतनं, नुसतं बघत..." त्यांनी नकाशावर बोट टेकवलं. "तसं नाय कदी."

मी उदार होतो ना! मी म्हणालो, "मग या वेळी चला. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. पुढे बसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून टेबलावरचा टाचण्यांचा डबा उगाच सरळ केला. "मंग असं करा भाऊसाहेब. आमचा फाटा वाटेतच हाय. साडेअकराला आमच्याकडं जेवा. भाकर खायाची, आन् तिथनं मी पुढं बसतो. घाट मी दाखवीन." आणि घाईघाईनं म्हणाले, "मी फाट्यावर लाल निशान घेऊन उभा ऱ्हाईन, म्हंजे चुकायचं नाय."

मी म्हणालो, "ठरलं."

पुढच्या रविवारी मामा सायकलीवर मुरमाच्या गोण्या घालून फाट्याअलीकडचे खड्डे स्वतःच्या हातानं बुजवत होते, असं मला एका मजुरानं सांगितलं. "कुनी पाव्हनं येनार म्हनं." त्यांची बायको, सुंदरमावशी, भिंती सारवत होती, तेही कळलं.

इथून पुढे माझी गोष्ट सांगायला मला जड जातं.

मामांचं घर बौद्धवाडीत होतं. माझ्या सासूबाईंचं सोवळं-ओवळं तसं फारसं नव्हतं, पण पाणी कुणाच्या हातचं, ताट कुणाच्या घरचं, याची त्यांना चौकशी असे, असं मला वाटायचं. वाटायचं, एवढंच. माझी बायको नंदा म्हणाली, "आईला विचारून बघा ना." मी विचारलं नाही. नाही म्हणाल्या तर मामांना तोंड कसं दाखवू, असं मी नंदाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. विचारलं असतं तर सासरच्या माणसांसमोर, माझ्या ऑफिसातल्या मित्राचं घर कुठल्या वाडीत आहे, हे उघड झालं असतं. ते मला नको होतं. त्या घरातल्या कुणीही तोंडातून शब्द काढला नव्हता. जो विटाळ कुणी मानला की नाही ठाऊक नाही, तो मीच त्यांच्या वतीनं मानून मोकळा झालो.

श्रीकांतला द्यायची प्रत काढायच्या आदल्या दिवशी मी अर्धं ब्लेड घेतलं आणि ट्रेसिंगवरचा मामांचा फाटा खरवडून टाकला. फाटा, त्यापुढची वाडीची वाट आणि "११.३० – जेवण" ही माझ्याच सुंदर अक्षरातली ओळ. ट्रेसिंग खरवडलं की प्रिंटमध्ये तिथे ढगासारखा निळसर डाग उमटतो, हे मला माहीत होतं. तरी मी तीच प्रत दिली.

मामांना मात्र मी काहीच सांगितलं नाही. सोमवारी सांगू, बुधवारी सांगू, शनिवारी सांगू. शनिवारी तेच म्हणाले, "उद्या साडेअकरा," आणि मी मान हलवली. मनाशी ठरवलं, श्रीकांतला कल्याणवरून सरळ मुरबाडच्या रस्त्यानं न्यायचं, फाटाच लागणार नाही. रविवारी सकाळी श्रीकांत आसनगावला आमच्या दारात आला तो नकाशा हातात नाचवत. "इतका सुंदर बेत केलाय तुम्ही, एक वळण सोडणार नाही! फक्त हा डाग कसला?"

"शाई सांडली," मी म्हणालो.

गाडीत आम्ही पाच जण. श्रीकांत आणि मी पुढे, मधे सासूबाई, नंदा आणि श्रीकांतची बायको. मागच्या दोन जागांवर पुऱ्यांचा डबा, थर्मास आणि चादरी आरामात बसल्या होत्या. किन्हवली सोडली. भातं पोटरीला आली होती, कडेला तेरडा मामांनी सांगितला तसा दाटला होता. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापूंनी रस्ता छान निवडला हो." मी पुढच्या वळणाकडे डोळे लावून बसलो होतो. खड्डे एकदम संपले आणि श्रीकांत म्हणाला, "हा पट्टा बरा ठेवलाय तुमच्या लोकांनी." तेव्हाच कळलं, फाटा आला.

मोहाच्या झाडापासून आत वाडीकडे जाणाऱ्या वाटेला दोन्ही बाजूंनी दगड मांडले होते. एका रेषेत, चुन्यानं पांढरेशुभ्र. साहेबांच्या दौऱ्याला मांडतात तसे. आणि फाट्याच्या तोंडाशी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून चिंधूमामा उभे होते. पायात चपला होत्या, तेल लावलेल्या. त्यांनी लाल निशाण वर धरलं.

श्रीकांतनं ब्रेक दाबला. "रस्ता बंद आहे का?"

मी म्हणालो, "नाही रे. आमच्या खात्याचा माणूस आहे. चल तू."

गाडी पुरती थांबली नव्हती. मामा हसत माझ्या काचेशी वाकले. त्यांनी मला पाहिलं. मागच्या बायकांकडे पाहिलं, रिकाम्या जागांवरच्या चादरींकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मी काच खाली केली नाही. मी मांडीवरच्या नकाशात काहीतरी शोधत होतो. शोधत काय होतो, तो डाग बघत होतो.

मामा एक पाऊल मागे सरले. त्यांनी लाल निशाण खाली घेतलं, नीट गुंडाळलं. काखेतलं हिरवं काढलं, वर केलं आणि ताठ उभे राहिले.

"काय शिस्तीचा माणूस आहे!" श्रीकांत म्हणाला.

नंदानं मागे वळून फाट्याकडे पाहिलं. ती पुढचे दोन्ही दिवस माझ्याशी फारसं बोलली नाही.

टोकावड्याच्या पुढे आम्ही झाडाखाली पुऱ्या खाल्ल्या. पुऱ्या चामट झाल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "ह्यापेक्षा वाटेत कुणाच्या घरी गरम भाकरी मिळाली असती तर किती बरं झालं असतं. तुमची एवढी ओळख या भागात, जावईबापू, कुणी जेवायला बोलावत नाही का हो?" त्यांच्या बोलण्यात थट्टेखेरीज काही नव्हतं. मी हातातली पुरी डब्यात परत ठेवली. चारच्या आत आम्ही घाट चढलो. तो इतका देखणा होता की सगळे ओरडत होते, आणि मला एकही कडा आठवत नाही.

सोमवारी दहा वाजता मामा ऑफिसात आले. मी आधीच येऊन खाली मान घालून रेघा ओढत होतो.

"कसा वाटला घाट? चारच्या आत चढलाव?"

"हो मामा."

"सासूबायना दरीच्या अंगाला नाय ना बसवलं?"

"नाही."

हेडक्लार्क ऐकत होते, दोन मजूर दारात उभे होते. मामा त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणाले, "फाटा नाय दिसला ना तुमाला? माझीच चूक. दगड ल्हान पडले, भाऊसाहेब. पुढच्या खेपेला मोठे मांडीन."

मला जी थाप मारावी लागली असती ती त्यांनीच माझ्या हातात आणून ठेवली. मी ती घेतली. म्हणालो, "हो ना मामा, दिसलाच नाही." न थांबण्याचं पाप एकदाचं होतं. हे वाक्य मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो.

त्यानंतर चार-पाच वर्षं ते माझ्या टेबलाशी येत, चहा पीत, हसत. काही बदललं नाही, फक्त घाटाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात मी भाषण केलं. चपला भिरकावण्याची नक्कल केली, पुढाऱ्याच्या गाड्यांचा किस्सा रंगवला. लोक पोट धरून हसले. मामाही हसले. निरोप घेताना मी म्हणालो, "आता एकदा घाटात नक्की जाऊ, मामा." ते म्हणाले, "बोलवा." मी बोलावलं नाही. माझ्याकडे गाडी नाही, हे कारण पुढची तीन वर्षं पुरलं. मग मी जुनी एक गाडी घेतली आणि तेही कारण संपलं. त्यानंतरही दोन पावसाळे गेले.

शेवटी नंदाच एका सकाळी म्हणाली, "गाडी काढा. आज मामांकडे जायचं." आम्ही दोघंच निघालो. किन्हवलीच्या पुढे रस्ता रुंद झाला होता, मोहाचं झाड मात्र होतं. आणि त्याच्याखाली दगड होते. गुडघ्याएवढे मोठे, वाडीपर्यंत दोन्ही बाजूंनी, ताज्या चुन्याचे. आंधळ्यालाही दिसले असते.

मामा तिथेच उकिडवे बसले होते, बाजूला चुन्याची बादली. गाडी थांबली तसे उठले. वाळून गेले होते. कपाळावर हात धरून त्यांनी काचेत पाहिलं, पण त्यांना नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी काच खाली केली. या वेळी केली.

"मामा, मी. ऑफिसातला ट्रेसर."

"भाऊसाहेब!" चुन्याचा हात त्यांनी सदऱ्याला पुसला. "दिसला का फाटा?"

मी गाडीतून उतरलो. म्हणालो, "मामा, तेव्हाही दिसला होता."

"ठाव हाय मला." ते सहज म्हणाले. मग दगडांकडे वळून म्हणाले, "पन तिला नाय ना ठाव."

"सुंदरमावशी?"

"त्या दिवशी मी घरी जाऊन बोललो, मी पानी पियाला गेलो तवर गाडी गेली, दगड ल्हान व्हते, त्यांना दिसले नाय. तिनं पाच मानसांचं रांधलं व्हतं. दर साली पाऊस उघडला का माझ्या मागं लागायची, मोठे दगड मांडा, मानसं पुन्ना चुकतील. मंग मी मांडायचो." त्यांनी बादलीत कुंचा बुडवला. "गेली ती औंदा आखाडात. आता सवय झाली हाताला."

नंदा तोंडाला पदर लावून गाडीजवळ उभी होती. आपल्या घरात मला भला माणूस ठेवण्यासाठी या माणसानं इतकी वर्षं दगड उचलले होते. माझ्यानं त्यांच्या पायांना हात लावायचंही धाडस झालं नाही. मी कसाबसा म्हणालो, "मामा, बसा. पुढे बसा. घाटात जाऊ, आत्ता."

त्यांनी गाडीच्या काचेवर बोटं फिरवली. "आता काय बघनार मी? तुमी जा. पाऊस उघडलाय, तेरडा असंल."

"घरी येतो मग. पाणी तरी घेतो."

"घराला कुलूप हाय. मी पोरीकडं जेवतो. आज शिजवलेलं काय नाय, मोकळ्या घरात पाव्हन्याला कसं न्यायचं?" ते अगदी मृदूपणे बोलले, पण मला कळलं की त्यांनी लाल दाखवलं आहे. त्यांनी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघितलं, मग वर सूर्याकडे. "निघा भाऊसाहेब. चारच्या आत चढा."

मी गाडीत बसलो. मामा दोन पावलं मागे सरले, त्या पांढऱ्या दगडांच्या रांगेत ताठ उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला. हातात निशाण नव्हतं, कोपरापर्यंत चुना होता. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.